अर्थ लागला का?

३० नोव्हेंबर, शनिवार

"झाले एकदाचे हात पिवळे," असं आई म्हणाली आणि आमच्या महिला गटातली फुलाबाई इतकी हसली की तिच्या बशीतला चहा सांडला. थिनरने घासूनही नखांतला ऑइलपेंट निघत नाही. निघाला नाही तरी चालेल. गटाच्या पिकअपचा मागचा भाग आज मी एकटीने रंगवला.

वर्षभर ती गाडी गंजलेली पाहून मला वाईट वाटायचं. वस्तीवरच्या बायका शेवंती पिकवतात, तोडतात, पाट्या भरतात, आणि ती नाशिकच्या फुलबाजारात पोहोचते अशा गाडीतून, जिच्याकडे बघून वाटावं की भंगार चाललंय. म्हणून मागचं खाली पडणारं झाकण, म्हणजे फाळका, पिवळा केला, त्याच्या दोन्ही बाजूंचा पत्राही केला. त्यासाठी मागचे दोन्ही दिवे काढले, वायरी सोडवल्या, कोणती कुठली ते लक्षात ठेवलं. गाडी चालवणारे गेणूमामा म्हणत होते, सायखेड्याच्या गॅरेजवाल्याला बोलावू. मी म्हटलं, इलेक्ट्रिकलची डिग्री कशाला घेतली मग?

उजव्या बाजूला दिव्यामागे रंग पुरला नाही. दिवा बसला की झाकलं जाईल, पण अर्धवट काम मनाला लागून राहतं.

१ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस मला पुष्कळ दिवस पुरेल.

सकाळी फाळक्यावर निळ्या रंगात, एकाखाली एक तीन तुकड्यांत, ओळ लिहिली. तीन दिवस डोक्यात घोळत होती: "फुलं आमची, वाट आमची, उजेड सगळ्यांचा." त्याखाली लहान अक्षरात शेवंती महिला गट. नंतर दिवे बसवले, एकेक बोल्ट घट्ट आवळला, आणि एकेक दिवा लावून बघितला. पार्किंगचे लागले. ब्रेकचे लागले. इंडिकेटर उजवा लागला, डावाही लागला. डावा जरा लगबगीने उघडझाप करत होता आणि त्या बाजूचा पार्किंगचा दिवा किंचित मंद वाटला, पण ताज्या पिवळ्या रंगाशेजारी तसं वाटणारच.

दुपारी सगळ्या जमल्या तेव्हा मी त्यांना गाडीचे दिवे कसे चालतात ते सांगितलं. कुणी सांगितलेलंच नसतं बायकांना! बॅटरीतून करंट निघतो, फ्यूजमधून जातो, बटण दाबलं की तारेने दिव्यापर्यंत पोहोचतो. पण नुसतं पोहोचून दिवा लागत नाही, करंटला परत बॅटरीकडे यावं लागतं. परतीसाठी बॅटरीपर्यंत वेगळी तार नसते, दिव्याची एक आखूड तार पत्र्याला आवळलेली असते. गाडीचं लोखंडी अंग हीच परतीची वाट.

"म्हणजे करंट असला तरी दिवेलागणीला घरी यावंच लागतं, बाईमाणसासारखं," फुलाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. मी म्हटलं, अगदी बरोबर, आणि घरी येता आलं नाही तर तो निघतच नाही. लंकामावशी, म्हणजे आमच्या गटाच्या अध्यक्षा, अण्णांना म्हणाल्या, "वाळूभाऊ, पोरीनं नाव काढलं." अण्णा जमिनीकडे बघत मिशीला हात लावत राहिले. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. कंपनीतली नोकरी सोडून मी गटाचं काम बघते याचं त्यांना वाईट वाटतं, पण आज वाटलं नसावं.

गेणूमामा सगळं झाल्यावर जवळ आले. लहानपणी मी त्यांच्या बैलगाडीत बसायचे तेव्हा ते मला दीपे म्हणायचे. डिग्री झाल्यापासून ताई म्हणतात, नको म्हटलं तरी. हळूच म्हणाले, "ताई, अर्थ लागला का नीट?"

मला इतकं बरं वाटलं! इतक्या जणींत त्या ओळीचा अर्थ विचारावासा वाटला तो एका ड्रायव्हरला. मी त्यांना समजावून सांगितलं, की फुलं आणि वाट आपली असली तरी चांगल्या कामाचा उजेड कुणा एकाचा नसतो, तो मागून येणाऱ्यालाही वाट दाखवतो. ते हात बांधून ऐकत होते. मग म्हणाले, "लय भारी, ताई." आणि गाडीखाली एकदा वाकून बघून गेले.

४ डिसेंबर, बुधवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार उद्या, म्हणून आज बाजारात शेवंतीला उठाव होता. गेणूमामा सांगत होते, गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, फुलं उतरवताना दोघातिघांनी फाळक्याचा फोटो काढला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुन्हा विचारलं.

११ डिसेंबर, बुधवार

सकाळी उजाडायच्या आत गेणूमामांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

नदीकाठच्या रस्त्यावर धुकं होतं. गतिरोधकाच्या आधी त्यांनी ब्रेक दाबला आणि मागून एक मोटरसायकल गाडीच्या डाव्या कोपऱ्यावर आदळली. मुलगा शेजारच्या गावचा, प्रफुल्ल नावाचा, कंपनीत पहिल्या पाळीला चालला होता. मांडीचं हाड मोडलंय, खांदाही. गेणूमामांनीच त्याला फुलांच्या पाट्यांवर झोपवून नाशिकला नेलं. शुद्धीवर आहे. जिवाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मी पोहोचले तेव्हा गेणूमामा दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. सदऱ्याला शेवंतीच्या पाकळ्या चिकटलेल्या. मला बघून एवढंच म्हणाले, "ताई, म्या जोरात नव्हतो. देवाशपथ जोरात नव्हतो."

१२ डिसेंबर, गुरुवार

चौकीत गाडी उभी आहे. डावा दिवा फुटलाय, फाळका कोपऱ्यातून मुडपलाय, माझ्या ओळीतला "उजेड" शब्द घडी पडल्यासारखा दिसतो.

प्रफुल्लने दवाखान्यात जबाब दिला, की पुढे चारचाकी होती हेच त्याला कळलं नाही. त्याला एकच लाल दिवा दिसत होता. त्याला वाटलं पुढे मोटरसायकल आहे, म्हणून तो तिच्या डाव्या अंगाने पुढे निघाला. हवालदारांनी मला विचारलं, गाडीचे दिवे चालू होते का? फुटलेल्या दिव्यावरून त्यांना काही सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, दोन्ही चालू होते. मी स्वतः बसवलेत आणि स्वतः तपासलेत. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे.

त्यांनी मान वर करून बघितलं आणि लिहून घेतलं. मी सही केली.

तो मुलगा खोटं बोलतोय असं मला म्हणायचं नाही. मार लागल्यावर आधीचं काही नीट आठवत नाही, असं होतं. त्याच्या वेदनेत त्याला दोष देणं बरं नव्हे. पण खरं ते सांगायलाच हवं.

१४ डिसेंबर, शनिवार

गटाची बैठक झाली. लंकामावशींनी विचारलं, "गेणू, खरं सांग, डुलकी लागली का तुला?"

"नाय मावशी."

"मग एकदम ब्रेक का दाबला?"

"एकदम नाय. गतिरोधक व्हता. रोज दाबतो तसाच दाबला."

फुलाबाई म्हणाली, "दिवे चालू, रस्ता रोजचा, आणि पोरगं मागून येऊन धडकतं? काहीतरी झालंच आसंल की. दोन महिने झाले, पहाटेच्या आधी उठू राहिला तू. माणसाला झोप येते."

गेणूमामा माझ्याकडे वळले. "ताई, दिवे चालू व्हते ना?"

मी म्हटलं, "हो मामा, दिव्यांचं मी सांगू शकते. बाकीचं मला माहीत नाही."

मला वाटलं मी फार जपून, कुणावर अन्याय न करता बोलले. गेणूमामांनी खिशातली किल्ली काढून हातात धरली. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता तर व्हते. मग माझंच काहीतरी चुकलं आसंल. झोप लागली आसंल. झोपेतल्या माणसाला झोप लागली हे कुठं कळतं?"

बैठकीत असं ठरलं, की गाडी चौकीतून सुटली की दुसरा ड्रायव्हर बघायचा. गेणूमामांनी किल्ली लंकामावशींच्या पुढ्यात ठेवली. मला वाईट वाटलं. वाईट वाटूनही मनात एक समाधान होतं, की सगळं न भांडता, रीतीने झालं. गट म्हणजे आपण सगळ्याच, असं मी शेवटी बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ऐकलं.

१५ डिसेंबर, रविवार

लिहायला नको वाटतंय. लिहिलं नाही तर कुणालाच कळणार नाही, म्हणून लिहिते.

काल संध्याकाळी गाडी सुटली. आज मी डावा दिवा नवा आणून बसवला. पार्किंग लावलं, लागला, जरा मंदच. मी मागे होते, ब्रेक दाबायला कुणी नव्हतं, म्हणून आईला हाक मारली. ती कधी गाडीच्या त्या सीटवर बसलेली नाही. साडी सावरत चढली.

"कोणता दाबू?"

"मधला."

तिने दाबला. उजवा दिवा झगझगीत लाल झाला. डावा विझला.

"गेला का बल्ब?" आई आतून ओरडली.

"पाय काढ."

पाय काढला. डावा पुन्हा मंद लागला.

"दाब."

विझला.

आईने मला न विचारता आणखी दोनदा दाबून बघितलं. खेळ वाटला असेल तिला. मग आरशात तिला माझा चेहरा दिसला असावा, कारण ती खाली उतरून घरात गेली.

बोल्ट खोलला. दिव्याची परतीची तार जिथे पत्र्याला आवळायची, तिथे गुळगुळीत, सुंदर, दोन हात दिलेला पिवळा रंग होता. रंगातून करंट जात नाही. हे मला न येण्यासारखं काय आहे? पहिल्या वर्षाला शिकवतात. डावीकडच्या दिव्याला घरी परतायची वाटच नव्हती. एकटा लावला की करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून वळसा घालून, दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून परत येत होता. म्हणून मंद. ब्रेक दाबला की त्या शेजारच्या तारेतही उलट बाजूने करंट यायचा, वळशाची वाट बंद व्हायची, आणि दिवा मरायचा. मी प्रत्येक दिवा एकेकटा तपासला होता. एकेकटा तो लागतच होता. रस्त्यावर कुणी एकेकटा लावत नाही.

उजवीकडे माझा रंग पुरला नव्हता, म्हणून तो दिवा जिवंत राहिला.

धुक्यात ब्रेक दाबल्यावर मागच्या माणसाला एकच दिवा दिसला असणार. मोटरसायकलसारखा.

आणि मग मी काय केलं? पॉलिश पेपर घेतला, बोल्टच्या भोवतालचा रंग खरवडून लख्ख पत्रा काढला, तार आवळली, आणि दोन्ही दिवे सारखे झाले. हात आपोआप चालत होते. बिघाड दिसला की दुरुस्त करायचा, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. आवळून झाल्यावर कळलं की आता दाखवायला काही उरलं नाही.

आई दारातून म्हणाली, "झालं ना नीट? मग झालं."

१६ डिसेंबर, सोमवार

गेणूमामांनी खरंच डुलकी घेतली नसेल कशावरून? दोन्ही असू शकतं. धुकंही होतं. तो मुलगाही घाईत असेल.

वरचं वाक्य पुन्हा वाचलं. खोडणार नाही. हे मीच लिहिलंय.

एक गोष्ट सारखी डोक्यात येते आणि आली की अंग आकसतं. "ताई, अर्थ लागला का नीट?" गॅरेजमध्ये त्या परतीच्या तारेला अर्थच म्हणतात, अर्थिंगमधला अर्थ. अर्थ गेला, अर्थ लावला, अर्थ मिळत नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आम्हीही तेच म्हणायचो. आणि मी त्यांना ओळीचा अर्थ सांगत बसले. उजेड मागून येणाऱ्यालाही वाट दाखवतो म्हणाले.

१८ डिसेंबर, बुधवार

आज संध्याकाळी गेणूमामा घरी आले. मला वाटलं त्यांना कळलं. पण ते वेगळ्याच कामाला आले होते.

"ताई, जरा माझे डोळे बघता का? दवाखान्यात जायच्या आधी. आपलं घरच्या घरी."

भिंतीवरचं कॅलेंडर काढून मी ओसरीच्या टोकाला उभी राहिले. त्यांनी एक डोळा तळहाताने झाकला आणि वाचू लागले. मोठे आकडे वाचले. मग खालचे बारीक वाचले. मार्गशीर्ष गुरुवार. संकष्ट चतुर्थी. मग दुसरा डोळा. एकही चुकलं नाही. मी आणखी दोन पावलं मागे गेले, कशाला कुणास ठाऊक. तिथूनही वाचलं.

"दिसतं की," ते म्हणाले. त्यांना आनंद झाला नाही. "म्हणजे डोळे नाय. मग झोपच. कलाबाई म्हणती, तुम्ही कधी बसल्या जागी झोपत नाय. पण बायको कशाचंही चांगलंच म्हणणार." मग म्हणाले, "काल त्या पोराच्या घरी गेलो व्हतो, दवाखान्यातून घरी आणलंय त्याला. हात जोडले. म्हटलं, झोपलो व्हतो भाऊ, माफ कर. त्याची माय रडू राहिली. पोरगा भिंतीकडं तोंड करून पडला."

मी कॅलेंडर परत खिळ्याला अडकवत होते. ते दोनदा खाली पडलं.

आईने चहा आणून दिला. ते गेल्यावर मी तिला म्हटलं, तुला माहीत आहे ना? ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. मी ब्रेक दाबला फक्त." आणि जरा वेळाने, चुलीकडे तोंड करून, "तुझ्या अण्णांना आधी सांगू नको. बैठकीत सांगशील तर तिथंच सांग. घरात सांगितलंस तर ते तुला जाऊ देणार नाहीत."

१९ डिसेंबर, गुरुवार

लंकामावशींच्या अंगणात सगळ्या पूजेच्या तयारीत होत्या. मी त्यांना रस्त्यावर बोलावलं. गेणूमामांनाही बोलावून घेतलं. नुसतं तोंडाने सांगितलं असतं तर पुन्हा मीच इंजिनिअर आणि त्या ऐकणाऱ्या असं झालं असतं. म्हणून फुलांच्या प्लॅस्टिक पिशवीचा एक तुकडा कापून बोल्टखाली घातला, रंग होता तिथेच, आणि पुन्हा आवळलं. संध्याकाळ पडत होती. दिवे लावले. गेणूमामांना म्हटलं, मामा, बसा आणि ब्रेक दाबा.

ते चढेनात. "किल्ली ठेवली ना म्या."

"बसा मामा. एकदाच."

त्यांनी दाबला. डाव्या बाजूला अंधार होता. फुलाबाईने रस्त्यावर पुढे जाऊन बघितलं, परत आली, डोळे बारीक करून पुन्हा बघितलं. म्हणाली, "अगं बाई. फटफटीच दिसती की."

मी सगळं सांगितलं. रंगाचं, बोल्टचं, रविवारी गुपचूप खरवडल्याचं, चौकीतल्या सहीचं. अण्णा कधी येऊन उभे राहिले होते कळलं नाही. त्यांची मान खाली होती, त्या दिवशी होती तशीच, पण हात मिशीकडे गेला नाही.

"चांगले दिवे लावलेस, दीपमाला," फुलाबाई म्हणाली. यावर कुणीच हसलं नाही, तीसुद्धा नाही.

लंकामावशींनी मला बाजूला घेतलं. "हे इथंच राहू दे. तू आमची शिकलेली पोर. तुझं नाव गेलं तर उद्या आमच्या पोरींना कोण शिकवंल? गेणूला आपण परत घेऊ. तोही काही म्हणणार नाही. काय रे गेणू?"

गेणूमामा गाडीतून उतरले होते. ते मावशींकडे न बघता माझ्याकडे वळले.

"दीपे," ते म्हणाले. किती वर्षांनी. "काल म्या तुझ्यापुढं डोळा झाकून उभा व्हतो. तवा तुला ठाऊक व्हतं?"

"हो मामा."

"आणि तू मला वाचायला लावलं. संकष्ट चतुर्थी." त्यांचा आवाज चढला नाही. "म्या त्या पोराच्या मायच्या पाया पडलो. न केलेल्या झोपेसाठी. आता त्याला कोण सांगणार, की त्याला दिसलं ते खरं व्हतं?"

मी म्हटलं, मी सांगेन. ते म्हणाले, "तूच सांग. आणि म्या संगं येणार. मला बघायचंय तू काय सांगती ते."

२० डिसेंबर, शुक्रवार

सकाळी चौकीत जबाब बदलून दिला. हवालदार म्हणाले, "मॅडम, आधी एक, आता एक. इंजिनिअर कोणता मानायचा आम्ही, पहिला का दुसरा?" मी म्हटलं, दुसरा. पुढे काय होईल ते ते सांगणार आहेत. मी विचारलं नाही.

मग प्रफुल्लच्या घरी. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली त्याच्या बहिणीची पुस्तकं नीट रचलेली. बहीण कॉलेजला जाते. त्यांच्याही घरातली पहिली. ती माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघता येत नव्हतं.

मी उभ्यानेच सांगितलं. एकही मोठा शब्द वापरला नाही. गेणूमामा दारात उभे राहून शब्दन् शब्द ऐकत होते.

प्रफुल्लने भिंतीकडचं तोंड वळवलं. मला वाटलं तो शिव्या देईल. त्याने विचारलं, "म्हणजे एकच दिवा होता?"

"ब्रेक दाबला तेव्हा, हो."

"मी सगळ्यांना सांगत होतो. पोलिसांना, डॉक्टरांना, कंपनीच्या साहेबांना. सगळे म्हणाले, इंजिनिअर बाईंनी लिहून दिलंय, दोन होते. मग हे काका आले आणि म्हणाले मी झोपलो होतो. मला वाटलं मला वेड लागलंय." मग तो रडू लागला आणि खांदा दुखला म्हणून थांबला. त्याची आई मला म्हणाली, "जा आता तुम्ही." नीट, हळू म्हणाली. पाणी मात्र तिने आधी दिलं होतं, आणि ते मी प्यायले होते, काय सांगायला आलेय हे तिला कळायच्या आधी. ते पाणी अजून घशात आहे.

परतताना गेणूमामांना विचारलं, मामा, त्या दिवशी तुम्ही तारेचा अर्थ विचारत होतात ना?

ते म्हणाले, "मला कुठं कळतंय तारेतलं. मागं एकदा गॅरेजवाला म्हणला व्हता, दिवे बसवले की अर्थ लागला का बघायचं. म्हणून इचारलं. तू इतकं छान सांगितलं, मागून येणाऱ्याला वाट दिसती, का काय. मला वाटलं, हाच आसंल. गाडीखाली वाकून बघितलं, पण काय बघायचं तेच ठाऊक नव्हतं."

ते थट्टा करत नव्हते. मला वाटलं करावी.

२२ डिसेंबर, रविवार

अण्णा जेवताना म्हणाले, "कंपनीतली ती नोकरी अजून आहे का बघ." रागाने नाही. मी म्हटलं नाही बघणार. त्यांनी भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या ताटात ठेवली. त्यावरून मला काही समजून घ्यायचं नाही. हल्ली मी फार लवकर समजून घेते.

दुपारी फाळका खरवडला. ओळ राहू दे असं लंकामावशी म्हणाल्या होत्या. मी काढली. पत्रा ठिकठिकाणी उघडा पडलाय, गंज धरेल. गंजाचं नंतर बघता येईल.

२५ डिसेंबर, बुधवार

गेणूमामांना किल्ली परत देऊ केली होती, पण त्यांनी आज पहाटेपर्यंत ती घेतली नव्हती. शेवटचा गुरुवार उद्या, पाट्या भरून तयार, धुकं कालच्याइतकंच. ते गाडीभोवती फिरत राहिले. मग मला म्हणाले, "मागं जाऊन उभी राहा. तो पोरगा व्हता तिथं."

मी रस्त्यावर मागे गेले. जिथून पाट्या दिसेनात, फाळकाही दिसेना, तिथे थांबले. दोन लाल ठिपके दिसत होते.

"दाबू राहिलो," ते आतून ओरडले.

दोन्ही वाढले.

"किती?"

"दोन!"

"पुन्हा बघ. इंडिकेटरसंगट दाबतो."

"दोन, मामा. दोन्ही."

गाडी सुरू झाली नाही. ते उतरून मागे आले. धुक्यात त्यांचा चेहरा एका बाजूने लाल दिसत होता. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि ते बरोबर होतं. त्यांनी स्वतः रस्त्यावर येऊन, माझ्या जागी उभं राहून बघितलं. मला ब्रेक दाबायला लावला. मग गाडीजवळ परत आले.

"अर्थ लागला का?" त्यांनी विचारलं.

मी गाडीखाली वाकले. उघड्या पत्र्यावरच्या बोल्टला हात लावला, हलवून बघितला. पाना घेऊन आणखी पाव फेरा आवळला. मग हो म्हटलं.